पावती फाडायचा अधिकार कोणाच्या सहीने येतो?

ताई, स. न. वि. वि.

आम्ही कळव्याला खारेगावात राहतो. मिस्टर ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत होते, ती बंद पडल्यापासून घरीच आहेत. मी पोळीभाजीचे डबे करते. मुलगा चोवीस वर्षांचा, बी.कॉम. झालाय. दोन वर्षं भिवंडीच्या गोदामात रात्रपाळी केली, आता प्रकृतीला झेपत नाही म्हणून सोडली. परवा त्याला एका एजन्सीतून फोन आला. त्यांना एका महापालिकेचं काम मिळालंय म्हणे. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यांना आणि थुंकणाऱ्यांना दंड करायचा, ‘मार्शल’ म्हणून. महिना चौदा हजार, रोज वीस पावत्यांचं टार्गेट, त्याच्यावर गेलं तर कमिशन. युनिफॉर्म आणि मशीनसाठी दहा हजार डिपॉझिट मागतायत. एक तारखेला हजर व्हायचंय. माझा भाऊ म्हणतो, एकदा महापालिकेत शिरला की पुढे पर्मनंट होतो. शेजारच्या म्हणतात, पदवी घेऊन कचऱ्यात जाणार का पोरगा, आपल्यात असलं काम कोणी केलं नाही. मला माराची भीती वाटते. हे दंड करणारे अधिकारी नेमतात तरी कसे? पैसे भरू का?

— एक आई, कळवा

ताई,

डिपॉझिट भरू नका. तारीख तोंडावर आली आहे म्हणून हे पहिल्यांदा सांगते, कारणं मागून येतील. आणि भावाला माझा निरोप द्या: ठेकेदाराच्या एजन्सीत लागणं म्हणजे महापालिकेत लागणं नव्हे. तिथून आत जायला दार नाही. मी एकतीस वर्षं एका महापालिकेच्या आस्थापना विभागात, म्हणजे नेमणुका आणि पगार बघणाऱ्या विभागात काढली. ‘आज ना उद्या कायम होऊ’ या आशेवर चाळिशी ओलांडलेली, वयोमर्यादेतून बाद झालेली किती मुलं माझ्या टेबलासमोर उभी राहिली, त्यांचे चेहरे अजून आठवतात. तुमच्या मुलाला त्या रांगेत बघायचं नाही मला.

आता तुमचा प्रश्न. हे अधिकारी नेमतात कसे?

मुंबई सोडली तर आपल्याकडच्या महापालिका, म्हणजे ठाणे आणि नवी मुंबईसुद्धा, १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली चालतात. जुने लोक त्याला बीपीएमसी ॲक्ट म्हणतात. त्यात माणसाच्या आधी पद येतं. किती स्वच्छता निरीक्षक लागतील, किती मुकादम, त्यांची वेतनश्रेणी काय, हे आकृतीबंधात, म्हणजे पदांच्या मंजूर तक्त्यात ठरतं आणि नव्या पदाला राज्य शासनाची मंजुरी लागते. मंजूर पद रिकामं असेल तर बिंदूनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे दाखवणारी नोंदवही, तपासून आरक्षण ठरवतात, जाहिरात काढतात, परीक्षा होते, गुणवत्ता यादी लागते. २०२५ साली नवी मुंबई महापालिकेने ६२० आणि ठाणे महापालिकेने १७७३ जागांसाठी गट-क, गट-ड ची जाहिरात काढली होती, ती अशीच. मग कागदपत्रांची छाननी, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी. सहायक आयुक्ताच्या खालच्या दर्जाचं पद असेल तर शेवटी आयुक्तांचा नियुक्ती आदेश निघतो. या सगळ्या प्रवासात उमेदवाराकडून परीक्षेचं शुल्क घेतात. युनिफॉर्मचं डिपॉझिट कुठेही घेत नाहीत.

पण नियुक्ती झाली म्हणजे दंड करायचा अधिकार मिळाला, असं नाही. बाहेरच्या लोकांना हे माहीत नसतं आणि आतलेही कधी कधी विसरतात. कायद्याने बहुतेक अधिकार आयुक्तांना दिलेत. आयुक्त काही प्रत्येक नाक्यावर उभे राहू शकत नाहीत, म्हणून आपले अधिकार ते खालच्या अधिकाऱ्यांना लेखी सोपवतात. अधिनियमात त्यासाठी कलम ६९ आहे. कार्यालयात आम्ही त्याला ‘अधिकार प्रदान केल्याचा आदेश’ म्हणायचो. कोणत्या पदाला, कोणत्या हद्दीत, कशासाठी, हे त्यात लिहिलेलं असतं. तो आदेश नसेल तर स्वच्छता निरीक्षकाच्या हातातलं पावतीपुस्तक नुसता कागद आहे.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही. आमच्याकडे एक मुलगी स्वच्छता निरीक्षक म्हणून लागली. हुशार होती, यादीत वरच्या क्रमांकावर आलेली. सकाळी साडेपाचला हजेरीशेडला, सफाई कामगारांची हजेरी घेतात तिथे, पोहोचायची. तिचा नियुक्ती आदेश निघाला होता, अधिकार सोपवल्याचा आदेश निघायचा होता. वरिष्ठ म्हणाले, तू सुरुवात कर, कागद येईल मागून. तिने मासळी बाजारात एका बड्या व्यापाऱ्याला दंड केला. थर्माकोलची खोकी आणि सडका माल तो रोज गटारात ढकलायचा, सगळा बाजार ते पाहत होता. व्यापाऱ्याने शांतपणे विचारलं, ‘बाई, तुमचा आदेश दाखवा.’ तिच्याकडे नव्हता. चारचौघांत तिची फजिती झाली, दंडाचे पैसे परत करावे लागले, आणि त्यानंतर कित्येक महिने त्या बाजारात तिला कोणी जुमानलं नाही. ती फाइल अकरा दिवस माझ्या टेबलावर पडून होती, ताई. महिनाअखेरच्या पगारबिलांच्या गडबडीत मी ती खाली ठेवली होती. एका सहीच्या कागदाने मुलीची आयुष्यभराची मान खाली जाऊ शकते, हे मला तेव्हा कळलं. म्हणून तुमच्या मुलाबाबत मी कागदांचा इतका हट्ट धरते आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे दर. दंड किती, हे जागेवरचा माणूस ठरवत नाही. २०१६ साली केंद्राने घनकचरा व्यवस्थापनाचे नियम काढले. त्यांत स्थानिक संस्थांना सांगितलं होतं की उपविधी, म्हणजे आपापले स्थानिक नियम करा, कचरा टाकणाऱ्याला जागेवर दंड करायचे निकष ठरवा आणि तो दंड वसूल करायचे अधिकार अधिकाऱ्यांना द्या. म्हणजे उपविधीत दर, आदेशात नाव किंवा पदनाम, आणि पावतीवर महापालिकेचा शिक्का. प्लास्टिकचं प्रकरण आणखी निराळं. २३ मार्च २०१८ च्या राज्य शासनाच्या अधिसूचनेखाली तिथे पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद ठेवली होती. कारवाई कोणत्या अधिकाऱ्यांनी करायची, तेही त्यात लिहिलेलं होतं. पानाच्या टपरीवरची पिशवी उचलून ‘पाच हजार काढ’ म्हणायचा अधिकार रस्त्यावरच्या कोणत्याही खाकी शर्टाला नाही. मुलाला हे नीट समजावून सांगा, कारण त्याला तसं करायला सांगितलं जाण्याची शक्यता आहे.

आता एजन्सीच्या मार्शलबद्दल. मुंबईत ही योजना २००७ साली सुरू झाली. दंडातला निम्मा वाटा एजन्सीला, निम्मा महापालिकेला, अशी व्यवस्था होती. मध्ये बंद पडली, पुन्हा चालू झाली, आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा बंद करावी लागली. दर वेळी तक्रारी त्याच होत्या: दमदाटी, पावती न देता पैसे घेणं, बाहेरगावच्या माणसाला गाठून अडवणं.

यात त्या मुलांचा दोष मला कमी वाटतो. हिशेब करून बघा. समजा दंड दोनशे रुपये आणि निम्मे एजन्सीला. तुमच्या मुलाने वीस पावत्या फाडल्या तर एजन्सीला दिवसाचे दोन हजार मिळतात. चौदा हजार पगार सव्वीस दिवसांत वाटला तर मुलाला दिवसाला साधारण साडेपाचशे पडतात. वीसचा आकडा इथून येतो, रस्त्यावरच्या घाणीशी त्याचा संबंध नाही. आणि वीस पावत्या रोज हव्या असतील तर तो मुलगा उभा कुठे राहील? कळवा स्टेशनच्या बाहेर, जिथे लोकलमधून उतरलेला माणूस घाईत तिकीट किंवा बिस्किटाचा कागद टाकतो. रात्री दोन वाजता खाडीच्या कडेला राडारोड्याचा डंपर खाली होतो, तिथे तो उभा राहणार नाही. तिथे रात्रीत एक पावतीही फाटेल की नाही सांगता येत नाही, आणि डंपरवाल्याशी वाद घालायला पाठीशी कोणी नसतं. खरी घाण त्या डंपरची असते. पण टार्गेट मुलाला स्टेशनकडे ढकलतं, एखाद्या भाजीवालीकडे, बिगाऱ्याकडे, गावाहून आलेल्या पाहुण्याकडे. ही पद्धत मला मनापासून चुकीची वाटते. ज्याच्या पोटाची सोय दुसऱ्याच्या चुकीवर अवलंबून ठेवली, त्याच्याकडून न्यायाची अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

निरीक्षकाची नोकरी या बाबतीत वेगळी आहे. त्याचा पगार पावत्यांवर ठरत नाही. ठाण्यात प्रभाग समितीप्रमाणे कामाची वाटणी असते, तुमच्या कळव्याची समिती वेगळी, मुंब्र्याची, दिव्याची वेगळी. नवी मुंबईत बेलापूरपासून दिघ्यापर्यंत आठ विभाग कार्यालयं आहेत. निरीक्षकाचा दिवस हजेरीशेडला उजाडतो. कोण आलं, कोण आजारी, कुठल्या गल्लीला माणूस कमी पडतो, घंटागाडी कुठे अडकली, कुठल्या कोपऱ्यावर पुन्हा ढीग झाला, हॉटेलांचा ओला कचरा वेगळा येतोय का, मुकादमाने सांगितलं ते खरं का. दंड हा या कामाचा लहानसा भाग. चांगला निरीक्षक ढिगाचं कारण शोधतो. बहुतेक वेळा घंटागाडीची वेळ आणि तिथल्या बायकांच्या कामावर जाण्याची वेळ जुळत नसते. गाडी आठला येते आणि बाई सातची लोकल पकडते, मग पिशवी कोपऱ्यावर जाते. तिथे दंड करून ढीग हटत नाही, गाडीची वेळ बदलली की हटतो. तुम्ही डबे करता, पहाटेपासून चूल पेटलेली असते, तुम्हाला हे माझ्याहून जास्त कळेल.

तर मुलाने जावं की नाही? माझं मत असं. एक तारखेच्या आत त्याने एजन्सीच्या ऑफिसात जाऊन महापालिकेने दिलेला कार्यादेश, म्हणजे काम दिल्याचा लेखी आदेश बघायला मागावा. त्यावर मुदत कधीपर्यंत आहे ते वाचावं, कारण पुष्कळदा संपत आलेल्या कामावर माणसं भरतात. मार्शलना अधिकार कोणत्या आदेशाने दिले, त्याची प्रत मागावी आणि ओळखपत्रावर महापालिकेच्या अधिकाऱ्याची सही असेल का ते विचारावं. दंडाचे पैसे कुठे जमा होतात? मशीनमधून निघणारी पावती महापालिकेच्या नावाची हवी, आणि मोबाइलवरून कोणी पैसे भरले तर ते महापालिकेच्या खात्यात गेले पाहिजेत. एजन्सीच्या सुपरवायझरचा क्यूआर कोड दाखवला तर मुलाने तिथूनच उठून यावं.

भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआयसीचंही, म्हणजे कामगार विम्याचंही विचारायला लावा. नियुक्तीपत्र कागदावर हवं, व्हॉट्सॲपवर नको. ठेकेदाराने पगार थकवला तर काम देणाऱ्या मूळ संस्थेवर त्याची जबाबदारी येते, पण तुमचा मुलगा तिथे कामाला होता हे दाखवणारा कागद आधी हातात लागतो.

हे सगळं जिथून खात्रीने कळेल ती जागा म्हणजे त्या महापालिकेचा घनकचरा व्यवस्थापन विभाग. सोमवारी सकाळी मुलाने स्वतः तिथे जावं, मामाला सोबत न्यायची गरज नाही. ‘अमुक एजन्सीला आपण काम दिलं आहे का आणि तिच्या मुलांना दंडाचे अधिकार दिले आहेत का’, एवढंच विचारावं. अर्ज लिहून नेला आणि आवक शिक्का मारून पोच घेतली तर उत्तम. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत अर्ज करता येतो, पण त्याला तीस दिवसांची मुदत असते, तुमच्याकडे तेवढा वेळ नाही. म्हणून तोंडी विचारणं आधी. विभागातला माणूस ‘आम्हाला माहीत नाही’ म्हणाला तर प्रश्न तिथेच मिटला.

आणि कागद नसताना मुलगा रस्त्यावर उभा राहिला तर? मग एजन्सीचा मालक नामानिराळा राहतो आणि पैसे घेणारा हात तुमच्या मुलाचा ठरतो. लोकसेवक नसताना तसं भासवून वागणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे. चोवीस वर्षांच्या मुलावर असा एक गुन्हा नोंदला गेला की पुढे चारित्र्य पडताळणीत तो निघतोच, आणि ज्या महापालिकेत शिरायला म्हणून हे केलं तिचं दार कायमचं लागू शकतं. तुमच्या भावाला हे नक्की सांगा.

माराची भीती खोटी नाही. लोकांचे हात अंगावर येतात, मी निरीक्षकांना टाके पडलेले बघितलेत. कर्तव्यावरच्या लोकसेवकावर हल्ला झाला तर कायदा कडक आहे, पण पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न हाच येतो की तुम्हाला अधिकार कोणी दिला. म्हणून पुन्हा तोच आदेश, आणि त्याची एक प्रत रोज खिशात. कागद नीट असले आणि मुलगा गेलाच, तर काही गोष्टी त्याच्याकडून कबूल करून घ्या. एकट्याने उभं राहायचं नाही, महापालिकेचा एक तरी कायम कर्मचारी जवळ हवा. कोणाच्या अंगाला, गाडीच्या किल्लीला, मोबाइलला हात लावायचा नाही. समोरचा दंड देत नसेल तर निरीक्षकाला कळवायचं आणि मागे व्हायचं. पावती दिल्याशिवाय एक रुपया घ्यायचा नाही. वरच्याने तसं करायला सांगितलं तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक पाठ असू द्या.

कागद नीट असले तर सहा महिने करायला माझी हरकत नाही, रात्रपाळीपेक्षा प्रकृतीला बरं. पण ते सहा महिने संध्याकाळी त्याने अभ्यास करावा. स्वच्छता निरीक्षकाची पदविका असते, साधारण एका वर्षाची. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था ही १९२६ पासूनची संस्था तो अभ्यासक्रम चालवते, आयटीआयमध्येही या विषयाचा ट्रेड आहे. एक सावधगिरी: काही जाहिरातींत पदवीची शाखाही लिहिलेली असते, तुमचा मुलगा वाणिज्यचा आहे. फी भरण्याआधी ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर यांच्या मागच्या जाहिराती काढून ‘शैक्षणिक अर्हता’चा रकाना शब्द न् शब्द वाचायला सांगा. बी.कॉम.ला लिपिक, लेखा अशी पदंही खुली असतात आणि त्यांची परीक्षाही त्याच जाहिरातीत येते. सफाई कामगारांच्या वारसांना लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार नेमणूक मिळते, कदाचित ते ऐकून तुमच्या भावाचा समज झाला असेल. तो हक्क त्या कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या गटारात उतरून मिळवलाय. तुमच्या घराला तो लागू नाही, आणि लागू करून देतो म्हणणाऱ्या एजंटला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

शेजारणींचं बोलणं मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण पत्रात तुम्ही ते हळूच लिहिलंय आणि मला वाटतं तेच तुम्हाला जास्त लागलंय. ‘आपल्यात असलं काम कोणी केलं नाही’. ताई, हे काम ठरावीक वस्तीतल्या ठरावीक माणसांच्या माथी मारून आपण बाकीचे मोकळे झालो, म्हणून आपल्यात कोणी केलं नाही. त्याचा अभिमान कशाचा बाळगायचा? खारेगावात पहाटे रस्ता झाडणारी बाई दिसेल, तिची पाळी किती वाजता सुरू होते एकदा विचारा. ती तुमच्याइतकीच लवकर उठते. तुमचा मुलगा उद्या निरीक्षक झाला तर अशा तीस-चाळीस माणसांचे हातमोजे, गमबूट, रजा, वेळेवर पगार यांसाठी त्याला वर भांडावं लागेल. मासळी बाजारातल्या त्या मुलीने ते केलं. अधिकाराचा आदेश तिच्या हाती आला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती त्याच व्यापाऱ्याच्या गाळ्यावर गेली आणि आदेश दाखवून दंड केला. पण लोक तिचं नाव काढतात ते वेगळ्या गोष्टीसाठी. हजेरीशेडमधल्या बायकांना कपडे बदलायला दाराची कडी लागणारी खोली नव्हती. तिने वर्षभर पाठपुरावा करून ती बांधून घेतली.

सोमवारी मुलगा विभागात जाऊन आला की तिथे काय उत्तर मिळालं ते मला कळवा. तोवर दहा हजार बँकेतच असू द्या.

तुमची,
ताई